चार सेकंद

१

रोज बंद पडणारा कॉम्प्युटर मला आवडतो. तो उघडायचा, एकेक भाग बदलून बघायचा, दुपारपर्यंत बिघाड हाती लागतो. डोक्याला ताप असतो तो चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी दोनदा बंद पडणाऱ्याचा. असं मशीन दुकानात आणलं की अगदी शहाण्यासारखं वागतं.

पोर्ट सईदमध्ये आमचं दुरुस्तीचं दुकान आहे, माझं आणि माझा भाऊ वगीह याचं. वगीह दुकान सांभाळतो आणि मी घरोघरी जाते. ज्या घरांत बायका एकट्या असतात तिथे बाईमाणूस आलेलं बरं वाटतं, म्हणून ती कामं माझ्याकडे येतात. सकाळी नऊच्या सुमारास पिशवी खांद्याला लावून मी फेरीबोटीवर चढते, सुएझ कालवा ओलांडते आणि पोर्ट फुआदला उतरते. कालव्यापलीकडची निम्मी घरं मला त्यांच्या कॉम्प्युटरवरून ओळखू येतात.

जानेवारीत कैरोहून मग्दा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या औषधांच्या दुकानात काम करत होत्या, मागे गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. पोर्ट फुआदला त्यांची आई एकटी राहते, तिचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, आधी दोन जण बघून गेले, दोघांनीही काही बिघाड नाही म्हणून सांगितलं, असं त्यांनी भराभर सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या,

"आईला काही विचारत बसू नका. ती धड सांगणार नाही. मशीन बघा आणि काय ते मला सांगा."

हे बोलणं मला तेव्हाच जरा खटकलं. पण लेकी आईबद्दल असं बोलतात. मीही बोलायचे.

२

कालव्याच्या कर्मचाऱ्यांसाठी फार पूर्वी बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ते घर होतं. दार उघडलं ते एका बुटक्या, नीटनेटक्या म्हाताऱ्या बाईंनी. माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे, मग माझ्या मागे जिन्यात बघून त्या म्हणाल्या,

"इंजिनीअर कुठाय?"

"मीच."

"आणि मग ती पिशवी उचलायला कोण?"

"तीही मीच, हाज्जा."

"हाज्जा म्हणू नकोस पोरी, मी अजून हजला गेलेले नाही. उगाच माझ्या नावावर पुण्य चढवू नकोस. शाळेत मला सगळे बाई म्हणायचे, तू पण बाई म्हण."

एन्साफबाईंनी पस्तीस वर्षं मुलींना अरबीचं व्याकरण शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी करत. दर आठवड्याला एक मोठं आणि एक लहान. आधी कागदावर करायच्या, सहा वर्षांपूर्वी लेकीने कॉम्प्युटर दिला तेव्हापासून त्यावर. एक कान पार गेला होता, दुसराही जेमतेम साथ देत होता, गुडघे कामातून गेले होते, पण डोकं असं तल्लख, की माझ्या एका वाक्यातली चूक त्यांनी मी खुर्चीवर बसायच्या आत दुरुस्त केली.

खोली उजेडाची होती. खिडकीशी एक जुनं, अवजड टेबल होतं, आठ माणसं जेवायला बसतील एवढं. त्याच्या एका टोकाला स्क्रीन आणि कीबोर्ड. सीपीयूचा डबा टेबलाखाली, पार भिंतीच्या कोपऱ्यात. घरांच्या गच्च्यांवरून एखाद्या जहाजाचा वरचा भाग हळूहळू सरकत जाताना खिडकीतून दिसायचा.

कसा बंद पडतो, हे मी विचारलंच. मग्दाबाईंनी नको म्हटलं होतं तरी. निळा पडदा येतो का, काही अक्षरं दिसतात का, आवाज येतो का?

"काही नाही," बाई म्हणाल्या. "असतो, आणि मग नसतो."

"कधी?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा."

मागच्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक भरलेलं कोडं गेलं होतं. तीन दिवसांची मेहनत. हे सांगताना त्यांच्या तोंडावर चिडचीड नव्हती. फक्त पुन्हा केलं, पहिल्यापेक्षा बरं झालं, म्हणाल्या. ज्यांचं काम असं वाया जातं ती माणसं माझ्यासमोर रडकुंडीला येतात, क्वचित शिव्याही देतात. बाईंनी तिळाच्या कांड्या आणि चहा पुढे ठेवला. एकदा वाटलं, हा कॉम्प्युटर दुरुस्त व्हावा अशी यांना फारशी घाई नाही.

धूळ साफ केली. रॅम काढून, घासून पुन्हा बसवली. दोन तास वेगवेगळ्या चाचण्या चालवल्या. पंखा शांत, तापमान ठीक. दर पाच मिनिटांनी काम आपोआप साठवलं जाईल अशी सोय करून दिली आणि निघाले. जिना उतरताना वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी मग्दाबाईंचा फोन आला. सकाळपासून दोनदा.

३

डबा दुकानात आणला. नऊ दिवस तो माझ्या टेबलावर अखंड चालू ठेवला. त्याच्यावर जड खेळ चालवले, तापवला, हलवला. एकदाही बंद पडला नाही. दहाव्या दिवशी वगीह म्हणाला, आता याला घरातच ठेवून घेऊ, तुझ्यापेक्षा जास्त काम करतो.

परत नेऊन बसवला. तिसऱ्या दिवशी बंद.

मग मी घरातल्या विजेकडे वळले. भिंतीतला दाब मोजला, व्यवस्थित होता. तरी स्टॅबिलायझर लावला. पॉवर सप्लाय बदलला. हार्ड डिस्क नवीन घातली आणि ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यापासून चढवली. दरवेळी वाटायचं, आता नक्की. दरवेळी तीन-चार दिवस बरे जायचे. फेरीबोटीवरचा खलाशी एव्हाना मला विचारायला लागला होता की पोरगं आज कसं आहे, कारण डबा मी मांडीवर घेऊन बसायचे.

एन्साफबाईंना माझं येणं आवडत होतं. त्या कोड्यातल्या अडलेल्या जागा मला विचारायच्या आणि उत्तर आलं नाही की खूश व्हायच्या. काम झाल्यावर मी जरा जास्तच वेळ बसायचे. माझी आई गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

४

कॉम्प्युटर बंद का झाला, याची नोंद तो स्वतःच आत कुठेतरी ठेवत असतो. वीज गेली, तर नुसतं एवढंच लिहिलेलं असतं, की आधी नीट बंद न करता मशीन थांबलं. मी ती नोंद पहिल्या दिवशीच बघितली होती, पण वरवर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बाई आत चहा करत असताना, मी ती ओळ उघडून खालचं बारीक सगळं वाचलं.

त्यात एक खूण होती. सुरू-बंद करायचं बटण दाबून ठेवल्याची.

एकदा दाबून सोडलेलं नव्हे. हटून बसलेलं मशीन जबरदस्तीने बंद करताना आपण बटण दाबून धरतो, चार सेकंद, तसं. मागच्या चारही नोंदी उघडल्या. चारही वेळा तेच.

मला हायसं वाटलं. अडकणारं बटण! एवढी साधी गोष्ट महिनाभर दिसली नाही, म्हणून स्वतःचाच राग आला. टेबलाखाली शिरून बटण तपासलं. मऊ होतं, पटकन वर येत होतं.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, पाय लागतो का कधी खाली?

त्यांनी खुर्चीवर बसून पाय दाखवले. जमिनीला टेकतच नव्हते, खाली छोटा पाट ठेवावा लागे. डबा तिथून चांगला दीड हात लांब, कोपऱ्यात. बटणापर्यंत पोहोचायचं तर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली जावं लागणार. आणि एन्साफबाई गेली कित्येक वर्षं नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढत होत्या, कारण खाली बसलं की उठता येत नसे.

"घरात दुसरं कुणी येतं?"

"तू," त्या म्हणाल्या. "आणि जुम्म्याला भाजीवाली. ती दारातूनच जाते."

मी बटणाकडून आत जाणाऱ्या दोन तारा मदरबोर्डवरून उपटून टाकल्या. आता बटण म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. तारांच्या जागी दोन बारीक पिना उघड्या राहतात. त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन सुरू होतं. तसं सुरू करून दिलं, सीपीयूचं झाकण लावलं, आणि बाईंना सांगितलं, आता बंदच करू नका, चालू राहू दे.

५

दोन दिवसांनी, सकाळी अकराला दहा कमी असताना तो बंद पडला.

मी त्याच दिवशी गेले. झाकण होतं तसं, चारही स्क्रू जागेवर. तारा सुटलेल्या, मी सोडल्या होत्या तशाच लोंबत. मशीन सुरू केलं आणि नोंद उघडली.

बटण दाबून ठेवलं होतं.

याचा अर्थ एकच होतो. त्या दोन पिना कुणीतरी जोडून धरल्या होत्या. बंद डब्याच्या आत. चार सेकंद.

अर्थात दुसराही अर्थ होतो, आणि मी तोच धरला. बोर्डच खराब. कुठेतरी केसाएवढी भेग आणि तिच्यामुळे खोटा इशारा. बोर्ड बदलला. आता त्या डब्यात पहिल्या मशीनचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, नुसता पत्रा सोडून. वगीह म्हणाला, त्या बाईंना सांग, तुमचा कॉम्प्युटर बरा झाला आणि वारला.

नवा बोर्ड, नव्या पिना, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच नोंद.

त्या दिवशी मी फेरीबोटीवर होते. शेजारून एक भलंमोठं मालवाहू जहाज गेलं आणि त्याने भोंगा दिला, लांबलचक, छातीत घुमेल असा. माझ्या शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल दचकून रडलं, म्हणून मी सहज घड्याळ बघितलं. दहा वाजून बावीस मिनिटं. बाईंच्या घरी पोहोचले तर स्क्रीन काळा. नोंदीत वेळ होती दहा बावीस.

मला पुन्हा आनंद झाला. हसू नका, दुरुस्ती करणाऱ्याला धागा सापडला की आनंदच होतो. भोंग्याने खिडक्या थरथरतात, फरशी थरथरते. कंपनाने काहीतरी हलत असणार. जाड रबराचे चार तुकडे डब्याखाली ठेवले, पिनांवर प्लॅस्टिकची टोपी चढवली.

आणखी पाच दिवस. मग पुन्हा. मी झाकण उघडलं तेव्हा ती टोपी पिनांवर नव्हती. डब्याच्या तळाशी पडली असेल म्हणून शोधली. ती टेबलावर मिळाली, बाईंच्या पेनांच्या पेल्यात.

"ही इथे कुणी ठेवली?"

बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "काय आहे ते?" म्हणाल्या. खरंच त्यांना माहीत नव्हतं. की होतं? त्या क्षणी मला मग्दाबाईंचं ‘ती धड सांगणार नाही’ हे वाक्य आठवलं, आणि बाईंकडे मी वेगळ्या नजरेने बघितलं. त्याची मला आजही लाज वाटते.

६

मी ठरवलं, समोर बसून बघायचं.

मार्चच्या सुरुवातीचा दिवस होता, स्वच्छ ऊन. अकराच्या सुमारास जहाजांची रांग निघते, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. बाईंना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, मी खाली बसते. त्या खुर्चीवर बसल्या, पाटावर पाय ठेवले. पायांत राखाडी लोकरी मोजे होते.

मी टेबलाखाली शिरले. सीपीयूचं झाकण काढून बाजूला ठेवलं. आत जागा बरीच होती, पण मागच्या बाजूला भिंत आणि दोन्ही बाजूंना टेबलाचे जाडजूड पाय, त्यामुळे अंग चोरून बसावं लागत होतं. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, डाव्या हातात टॉर्च. टॉर्चचा उजेड त्या दोन पिनांवर. डोक्यावर कीबोर्डचा आवाज येत होता, टक, टक, मग विचार करायला थांबणं, मग टक. पंखा फिरत होता. धुळीचा आणि लाकडाचा वास.

पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. पायाला मुंग्या आल्या होत्या. दुपारी कुठे जायचं आहे याचा मी विचार करत होते, हे मला नीट आठवतं.

मग भोंगा झाला.

आधी तो फरशीतून आला. बराच वेळ चालला. तो सुरू झाला आणि वर कीबोर्डचा आवाज थांबला.

आणि टेबलाखाली जागा कमी झाली.

हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. गर्दीच्या बाकावर अजून एक माणूस येऊन टेकलं की आपण न बघता जरा सरकतो, तशी मी सरकले. माझ्या उजव्या खांद्याला खांदा लागला होता. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन, श्वास धरून बसलेलं. मला वाटलं बाईच खाली आल्या. पण त्यांचे मोजे माझ्या समोर होते, पाटावर, जरासुद्धा न हलता.

माझा उजवा हात वर उचलला गेला. मी उचलला नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक उजेडात आलं, त्या दोन पिनांपाशी गेलं आणि त्यांच्यामध्ये टेकलं. माझ्या हातावर दुसरा हात होता. लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना आपण त्याचा हात धरतो, तसा धरलेला. जोर नव्हता. माझी अख्खी मूठ त्यात मावली होती आणि बोटं मागे माझ्या मनगटापर्यंत आली होती. त्यांचा रंग मला दिसला. दिसला म्हणजे, रंग असा नव्हताच.

एक. दोन. तीन. चार.

पंखा मंदावत थांबला.

टॉर्च माझ्या डाव्या हातात होती. तेवढी उजवीकडे वळवायची होती. मी वळवली नाही.

"गेला का?" वरून बाईंनी विचारलं. शांतपणे, कुणी दाराशी येऊन गेलं की विचारतात तसं.

खांद्यावरचा भार निघून गेला. मी बाहेर आले तेव्हा माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि बाईंनी मला पाणी दिलं. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुकानात परतल्यावर दुपारी मी बराच वेळ स्वतःशी वाद घातला. अंग आखडलं होतं, डुलकी लागली असेल. झोपेत हात हलतो. माझ्याच हाताने माझ्याच स्क्रूड्रायव्हरने पिना जोडल्या, हे तर मी डोळ्यांनी बघितलं होतं. नोंदीतही दुसरं काही असणार नव्हतं. त्या दिवसापुरता गुन्हेगार सापडला होता, आणि ती मी होते.

७

त्याच आठवड्यात मग्दाबाई कैरोहून आल्या. मला घरी बोलावलं. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, थकलेल्या डोळ्यांच्या. वाईट बाई नव्हत्या. आई एकटी असते, दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती, ऐकू येत नाही, हाक मारली तर कुणाशी तरी बोलल्यासारखं उत्तर देते, हे सगळं त्यांनी मला आईसमोरच सांगितलं. त्यांना एक गोष्ट हवी होती. बाहेरच्या, जाणत्या माणसाकडून पक्कं उत्तर.

"हे बघा, मला त्यातलं काही कळत नाही. बिघाड आहे की नाही?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं बदलून झालंय."

"मग बंद कसा पडतो?"

"बटण दाबून ठेवलं जातं. तशी नोंद आहे."

"म्हणजे हाताने."

"हो. हाताने."

"घरात दुसरं कुणी राहतं?"

"नाही."

मग्दाबाईंनी मोठा श्वास सोडला. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना जे वाटत होतं तेच निघालं होतं, आणि तेच निघू नये अशीही त्यांची इच्छा होती.

मला सांगता आलं असतं. की तारा सुटलेल्या आहेत. की झाकण बंद होतं. की तुमच्या आईला खाली बसताच येत नाही, तिचे गुडघे बघा. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने तिन्ही सांगायला हव्या होत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की मग कोण? त्या प्रश्नासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी पिशवीची चेन लावत बसले.

एन्साफबाई पेल्यांत चहा ओतत होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकलं, निदान ओठांवरून वाचलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"तिला चहा तरी घेऊ दे, मग्दा," एवढंच म्हणाल्या.

दहा दिवसांनी त्या कैरोला लेकीकडे गेल्या. कॉम्प्युटर सोबत गेला. टेबल एवढं मोठं होतं की जिन्यातून उतरेना, ते तिथेच राहिलं. घराला कुलूप.

८

मे महिन्यात एके दिवशी वगीहने फोन माझ्या हातात दिला. कुणी बाई विचारतेय म्हणाला, मोठ्याने बोल, ऐकू कमी येतं तिला.

एन्साफबाईंचा आवाज होता तसाच होता. माझी चौकशी केली, वगीहचं लग्न ठरलं का विचारलं. साप्ताहिकाची कोडी सोडली म्हणाल्या, तिथे मन लागत नाही. मग म्हणाल्या,

"इथे एकदाही बंद पडला नाही, पोरी. बावन्न दिवस झाले. मी मोजतेय."

मी माफी मागितली. कशाची, ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं.

"तुझ्यावर राग नाही माझा. तू तरी काय सांगणार होतीस? मीच कधी सांगितलं नाही. तू खाली होतीस तेव्हा तुझ्याशेजारी कुणी येऊन बसलं. हो ना?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. "हो," म्हटलं.

"मला माहीत होतं." त्या हसल्या. खरोखर, मनापासून. "लढाईच्या वर्षांत विमानहल्ल्याचा भोंगा झाला की आई धावत येऊन दिवा मालवायची आणि आम्हा चौघांना त्याच टेबलाखाली घ्यायची. बाहेर पुन्हा भोंगा होईपर्यंत तिथेच. जहाजाचा भोंगा वेगळा असतो, हे आता तिला कळत नसेल. मी कॉम्प्युटरवर बसायला लागले आणि ती यायला लागली. तो उजेड तिला चालत नाही. मग्दाला मी हे काय सांगणार? तिने मला तेव्हाच उचलून नेलं असतं."

"बाई..."

"एवढंच सांग. मला कधी हात लावला नाही तिने. तुला लावला?"

"लावला."

"कसा होता?"

या बाईंसमोर मी एकदा अर्धं सांगून गप्प बसले होते. त्याची भरपाई करायची म्हणून, किंवा त्या इतक्या आनंदात विचारत होत्या म्हणून, मी या वेळी सगळं नीट सांगितलं. हात केवढा होता. माझी मूठ त्यात कशी मावली. बोटं मागे मनगटापर्यंत कशी आली.

 

"माझ्या आईच्या बांगड्या मला बाराव्या वर्षी होईनाशा झाल्या," एन्साफबाई म्हणाल्या. "एवढासा हात होता तिचा. आम्ही चिडवायचो तिला."

"मी घाबरले होते, बाई. अंधारात काय कळतं, मला तसं वाटलं असेल."

"सकाळी अकरा वाजता अंधार?"

 त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज इतका बारीक झाला होता, की मी फोन कानाशी घट्ट धरला.

"सहा वर्षं मी तिच्याशी बोलत होते, शाहिनाझ. रोज, काम करता करता. नवऱ्याचं, मग्दाचं, कुणाकुणाचं. जे जन्मात कुणाला सांगितलं नाही तेही सांगितलं. आई आहे म्हणून." आणि मग, "मी ते कुणाला सांगितलं?"

मागून मग्दाबाईंनी जेवायला हाक मारली. "आले," असं बाई म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात. पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.